रात्रीचा लोड

केतनभाईंनी खोक्यावरची पट्टी कात्रीने कापली, तसा पंढरीनाथांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वाकून बॅटरीच्या अंगावर छापलेली तारीख वाचली. मग शेजारच्या बॅटरीची वाचली. मग तिच्या पलीकडच्या बॅटरीची. दुकानदार बोलेल ते ऐकून घ्यायचं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मुलगी बघायला आले होते तेव्हाही त्यांनी पोह्यांच्या आधी मनोरमेची मॅट्रिकची मार्कशीट मागितली होती.

"ये पुराना माल है," ते म्हणाले.

"पुराना कहाँ काका? महिना-दो महिना तो गोडाउन में ही जाता है. बॅटरी है, मेथी की जुडी थोडी है?"

"तरी पण. दुसरी दिखाव."

मनोरमा दुकानाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. दुकान एवढं चिंचोळं, की दोन्हीकडच्या थप्प्यांमधून जाताना माणसाने पोट आत घ्यावं. बाहेर केबिन रोडवर हातगाडीवाला मोसंबी विकत होता आणि त्याला हटवायला रिक्षावाले हॉर्नवर हात ठेवून बसले होते. तिने ठेवणीतली मोरपिशी साडी नेसली होती. बॅटरीच्या दुकानात कोणी ठेवणीतली साडी नेसून जात नाही, एवढं तिलाही कळत होतं. पण सकाळी पंढरीनाथ स्वतःहून म्हणाले होते, "संध्याकाळी बॅटरी आणायला जायचंय. तूही चल." गाडीचं काम सुरू झाल्यापासून 'तूही चल' हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. तिला वाटलं, गाडीतली सगळ्यात मोठी वस्तू आहे, दोघांनी मिळून घ्यावी असं त्यांच्या मनात आलं असेल. म्हातारपणी माणूस बदलतो म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

गाडी म्हणजे एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस. पंढरीनाथ अंधेरीच्या एका औषध कंपनीत स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर सुरुवातीचे दिवस त्यांनी घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवण्यात घालवले. डबे संपल्यावर करायला काही उरलं नाही, तेव्हा ही बस घेतली. आतल्या सीट काढायच्या, झोपायची सोय करायची, छोटा ओटा बसवायचा आणि भारतभर हिंडायचं, असा बेत. सोसायटीत पार्किंगला जागा नव्हती, म्हणून बस उभी राहिली जवळच्या मोरवा गावात, सदूच्या अंगणात.

सदू हा त्यांच्या कंपनीतला जुना फिटर. बायको गेलेली, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, हाताला काम नाही. आधी फक्त त्याचं अंगण हवं होतं, मग त्याची वेल्डिंगची मशीन हवीशी झाली, आणि शेवटी सदूशिवाय पान हलेना. पंढरीनाथ सकाळी मोरव्याला जायचे ते दुपारी जेवायला यायचे आणि जेवताना सदू काय म्हणाला तेवढंच सांगायचे. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मनोरमा मनात म्हणे. तोंडाने मात्र रोज सकाळी सदूसाठी भाकरी-भाजीचा डबा देई. बायको नसलेल्या माणसाचं काय खरं आहे, असंही तिला वाटे.

गाडीचे पडदे तिने शिवले. लग्नातल्या दोन साड्या अंगावर घालण्यासारख्या राहिल्या नव्हत्या आणि टाकवतही नव्हत्या, त्या फाडून शिवले. गाद्यांना अभ्रे शिवले. आत दोन बाकं केली होती, या भिंतीला एक, त्या भिंतीला एक, एका कुशीवर झोपावं एवढी अरुंद. "एकच रुंद पलंग नाही का होणार?" तिने विचारलं होतं. "मधून जायला-यायला वाट नको?" पंढरीनाथ म्हणाले होते. बाकाच्या उशाशी एक फळी मार, त्यावर माझं मशीन राहील, असंही तिने सदूला सांगितलं होतं. फळी मारली गेली. पण तिला दोन गोल भोकं पाडलेली होती, गाडी चालताना पेले पडू नयेत म्हणून. मशीन काय, बाजूला राहील, असं म्हणून तिने तेही सोडून दिलं होतं.

मशीन म्हणजे तिचं श्वासाचं मशीन. झोपेत तिचा श्वास अडकायचा. डॉक्टरांनी रात्रभर तारा लावून तपासलं आणि सांगितलं, यापुढे एकही रात्र याच्याशिवाय झोपायचं नाही. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीच्या टोकाला ते घुंघुं करणारं डबडं. नात इशिता पुण्याहून आली की नळी बघून तिला 'हत्ती आजी' म्हणायची. सगळे हसायचे, मनोरमाही हसायची. पंढरीनाथ त्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून हॉलमध्ये झोपू लागले. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

ते मशीन चालतं विजेवर, आणि मनोरमेचं माहेर लांज्याच्या आतल्या अंगाला. तिथे वीज पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यापेक्षा लवकर जाते. मशीन लागल्यावर ती एकदाच गेली होती. रात्री वीज गेली ती आलीच नाही. मनोरमा भिंतीला पाठ लावून बसून राहिली आणि तिची मोठी बहीण मंदाताई शेजारी बसून विणलेल्या पंख्याने तिला वारा घालत राहिली, जसा काही वाऱ्यानेच श्वास अडायचा थांबणार होता. उजाडल्यावर पंढरीनाथांनी तिला पहिल्या एसटीने परत आणलं. "हे धंदे पुन्हा नकोत," एवढंच ते वाटेत बोलले.

आई गेल्यावर मनोरमेला वाढवलं ते मंदाताईने. स्वतःचं लग्न लांबवलं, लांबवलं आणि मग ते झालंच नाही. ती आता अंथरुणाला खिळली होती. फोनवर इकडचं तिकडचं बोलायची शक्ती उरली नव्हती, एकच विचारायची, "कदी येतंस गो?"

म्हणून तर गाडीत मनोरमेचा जीव अडकला होता. गाडी घेतली त्या दिवशी पंढरीनाथांनी तिच्या हातावर पेढा ठेवला होता आणि म्हणाले होते, "आता कुठे वीज असो नसो. आपली लाईट आपल्याबरोबर. आपण तुझ्या माहेरी जाऊ, अंगणात गाडी लावू आणि तू मशीन लावून खुशाल झोप." असं लांबलचक गोड बोलणं पंढरीनाथांच्या तोंडून क्वचितच निघे, त्यामुळे तिला ते शब्दन् शब्द पाठ होतं. आज सकाळीच तिने मंदाताईला फोन करून सांगितलं होतं, "दिवाळीच्या आधी येतो आम्ही. आज बॅटरी घेतोय."

"बॅटरी कशाला घेतंस? माज्याकडं हाय की," मंदाताई म्हणाली. "उशाखाली असते. तू फकस्त ये."

मंदाताईची बॅटरी म्हणजे टॉर्च. मनोरमेला एवढं हसू आलं, की तिने समजावायचंही सोडून दिलं. मनातल्या मनात मांडे खाणाऱ्याला समजावायला वेळ कुठे असतो.

"मेरी मानो तो काका, लिथियम लो," केतनभाई सांगत होते. "वजन आधा. चार्जिंग फास्ट. पानी डालने का झंझटच नहीं."

"जिच्यात पाणी घालायचं नाही, ती आतून कशी आहे हे कळणार कसं?" पंढरीनाथ मनोरमेकडे बघून मराठीत म्हणाले आणि वळून हिंदीत, "नहीं. वो पानीवालीच दो. उसका भरवसा है."

"जैसा आपका हुकूम. पण उसमें चार्जिंग के टाइम गॅस निकलता है, हां. जहाँ सोते हो उधर मत रखना."

"मालूम है. गाडी के नीचे बाहर से पेटी बनाया है. हमारे सदू ने वेल्डिंग किया."

"तो फिर टेन्शन नहीं. और पानी चेक करते रहने का. डिस्टिल वॉटर, नल का नहीं."

"वो तो घर में रहताच है." पंढरीनाथांनी अंगठ्याने मागे मनोरमेकडे दाखवलं. "इसका मशीन है ना साँस का. उसको भी वोही पानी लगता है. मैंच लाता हूँ, कभी खतम नहीं होने देता."

केतनभाईंनी मनोरमेकडे बघून मान हलवली, म्हणजे नशीबवान आहात काकी. मनोरमेने पदर सारखा केला. खोटं काहीच नव्हतं त्यात. मशीन आल्यापासून त्या पाण्याचा कॅन घरात एकदाही संपलेला नव्हता. तळाशी आलं की दुसरा हजर. पंढरीनाथ प्रेमाचं बोलत नाहीत, पण पाणी संपू देत नाहीत, असं ती स्वतःला सांगायची. एवढ्यावर बायका संसार करतात, आणि बरा करतात.

तसे पंढरीनाथ काहीच विसरत नसत. कंपनीत कुठल्या रॅकवर कुठला बोल्ट आहे ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. घरातही तेच. मुलाला, स्वप्नीलला, तिसरीत गणितात किती मार्क पडले होते, कुठल्या दिवाळीत मनोरमेच्या चकल्या मऊ पडल्या होत्या, तिच्या भावजयीने बारशाला काय दिलं नव्हतं, सगळं जिभेवर. बाजारात ते कधी यादी घेऊन जात नसत. यादी विसराळू माणसांना लागते, म्हणायचे. आयुष्यात एकदा तरी या माणसाने काहीतरी विसरून यावं, निदान कोथिंबीर, असं मनोरमेला फार वाटे. विसरणाऱ्या माणसाला माफ करता येतं.

"अब लोड बोलो," केतनभाईंनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "क्या क्या चलेगा?"

पंढरीनाथांनी डोळे अर्धवट मिटले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. दिवे. त्यातले बाहेरचे वेगळे. मोबाइलचं चार्जिंग. ओट्याच्या नळाला लागणारा छोटा पंप. मिक्सर, पण तो चटणीपुरता. बातम्यांपुरता टीव्ही. प्रत्येकाचे वॅट ते स्वतःच सांगत होते आणि केतनभाई नुसते आकडे दाबत होते. मनोरमा कान देऊन ऐकत होती. शाळेत हजेरी चालू असावी आणि आपलं नाव पुढे यायचं असावं, तशी ती स्टुलावर थोडी सरसावून बसली होती. इस्त्री राहिली, असं तिला एकदा वाटलं, पण इस्त्रीचं काय एवढं.

"ये सब तो ठीक है," केतनभाई म्हणाले, "पण दिन का छोडो काका. दिन में गाडी चलती है, बॅटरी भरती रहती है. बॅटरी का असली हिसाब रात पे होता है. वो बोलो. रात भर क्या चलेगा?"

आता आपलं नाव. मनोरमा पुढे झुकली.

"रात को कुछ नहीं," पंढरीनाथ म्हणाले.

"कुछ नहीं कैसे?"

"एक पंखा. छोटावाला. बाकी हम दोनों सो जाएँगे. सोनेवाले आदमी को क्या लगता है?"

केतनभाईंनी कॅल्क्युलेटरवर पंख्याचा आकडा दाबला, मग मनोरमेकडे बघितलं, मग पुन्हा पंढरीनाथांकडे. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "फिर भी दो बॅटरी लगाओ, काका. उमरवाले लोग हो. रात-बेरात कुछ लगा तो?"

"पेटीच एका बॅटरीची बनवलीय," पंढरीनाथ मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत म्हणाले, "दुसरी बसेगीच नहीं उसमें."

"ठीक है. मैं अंदर से ताजा माल निकालता हूँ, वो देख लो," असं म्हणून केतनभाई थप्प्यांमधून आत गेले.

दुकानात दोघंच उरले. मनोरमा पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. 'हम दोनों', म्हणजे ते आणि मी. केतनभाईंनीही तसंच धरलं असणार. मग राहिलं काय तर मशीन, आणि ते गडबडीत राहिलं. पाण्याचं बोलले तेव्हा आठवण होती आणि लोडचं बोलले तेव्हा निसटली, असं होतं माणसाचं. तिला जवळजवळ आनंदच झाला. सगळ्या संसारात एकदाच विसरले, आणि विसरले ते नेमकं हे! पण चालेल. तिने आठवण करून द्यायची, त्यांनी 'अरे हो की' म्हणून कपाळावर हात मारायचा, आणि घरी गेल्यावर तिने हे पुढची कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायचं.

"अहो," ती म्हणाली. "काहीतरी विसरताय तुम्ही."

पंढरीनाथांनी मान वर केली. कोणी चोरीचा आळ घ्यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"मी? मी विसरलोय कधी?"

"तसं नव्हे. रात्रीचं म्हणते मी."

"रात्रीचं बरोबर सांगितलंय. एक पंखा."

"आणि मशीन?"

पंढरीनाथांनी समोरच्या बॅटरीवर अंगठा फिरवून धूळ पुसली, मग अंगठा रुमालाला पुसला, आणि रुमालाची घडी पुन्हा होती तशीच घातली.

"तुझं मशीन धरून बघितलं होतं मी," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तेच बघितलं. त्या पाणी तापवणाऱ्या टाकीसकट रात्रभराचं धरलं, तर त्याचाच लोड सगळ्यात जास्त होतो. सरळ दोन बॅटऱ्या लागतात. मग पेटी मोठी, वजन दुप्पट, गाडीला ॲव्हरेज नाही. परवडत नाही ते."

"म्हणजे बघितलंत आणि काढून टाकलंत."

"काढून टाकलं असं नाही गं. आधी आम्ही एक फेरी मारून येतो. कच्छपर्यंत. गाडी कशी चालते, काय लागतं, ते सगळं कळेल. मग बघू तुझं."

तर हे असं. हिंदीत एक बरं असतं, 'हम' म्हटलं की त्यात कोणीही मावतं. ऐकणाऱ्याने आपल्या सोयीने आत शिरून बसावं. मराठीत तसं नाही. 'आपण' म्हटलं तर ऐकणारा घरात, आणि 'आम्ही' म्हटलं तर उंबऱ्याबाहेर. बायकोच्या तोंडावर नवरा 'आम्ही' म्हणाला, की त्यात बायको नसते, हे पहिलीतल्या पोराला कळतं. सकाळी मंदाताईशी बोलताना हाच शब्द मनोरमेने वापरला होता, आणि तेव्हा त्यात ते दोघं होते.

तिला दोन अरुंद बाकं दिसली. पेल्यांची भोकं पाडलेली फळी दिसली. एका बॅटरीची पेटी तर तिने स्वतः बघितली होती, सदू वेल्डिंग करत असताना त्याला चहा द्यायला गेली होती तेव्हा. इतके दिवस सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि पंढरीनाथ-सदू या दोघांनी ताकाला तूर लागू दिली नव्हती. आणि ती मूर्ख बाई लग्नातल्या साड्या फाडून पडदे शिवत होती. तिचा संताप उसळला, आणि तो बाहेर पडायच्या आधीच त्याची लाज वाटावी असं काहीतरी झालं. डोळे भरून आले. बॅटरीच्या दुकानात, मोरपिशी साडीत.

"सदूभावजींना माहीत आहे हे?" तिने विचारलं.

"तो म्हणाला होता, वयनींना आधीच सांगून टाक. मी म्हटलं, सांगेन वेळ आली की." पंढरीनाथांनी आवाज थोडा खाली आणला. "आता तू इथे तमाशा करू नकोस."

मनोरमेने तमाशा केला नाही. तिने आयुष्यात कधी केला नव्हता, त्यामुळे कसा करतात हेही तिला नीट माहीत नव्हतं.

केतनभाई एका हमालाला घेऊन बाहेर आले. हमालाने पोटाशी धरलेली बॅटरी धपकन जमिनीवर ठेवली. पंढरीनाथांनी चष्मा नाकावर घेऊन तारीख वाचली आणि पहिल्यांदाच मान डोलवली.

"तो काकी," केतनभाई मनोरमेकडे वळले, "काका तो मानते नहीं. आप बोलो. एक कि दो? पेटी का क्या है, पेटी तो दूसरी बन जाएगी."

पंढरीनाथ तिच्याकडे बघत होते. मनोरमेने पदराच्या टोकाने नाक पुसलं, सर्दी झाल्यासारखं.

"एकच दो, भाई," ती म्हणाली. "रात को लोड नहीं है."

"देखा?" पंढरीनाथ खुशीत येऊन म्हणाले. "इसको भी समझता है."

बॅटरी सकाळी टेम्पोने पाठवतो असं केतनभाई म्हणत होते, पण पंढरीनाथांना ते पटणारं नव्हतं. वस्तू नजरेआड झाली की बदलली जाते. रिक्षा थांबवली. हमालाने बॅटरी रिक्षात पायाशी उभी केली, आणि केतनभाईंनी डिस्टिल वॉटरचा एक कॅन आपल्याकडून म्हणून सीटवर ठेवला.

"सीधी पकडने की, हां," त्यांनी बजावलं. "टेढी हुई तो अॅसिड बाहर आएगा."

"तू आत सरक," पंढरीनाथांनी मनोरमेला सांगितलं. "पाय दोन्हीकडून लाव. असे. आणि वरून दोन्ही हातांनी धर. साडी जरा वर घे, डाग पडला तर जायचा नाही." स्वतः ते बिल आणि वॉरंटी कार्ड हातात घेऊन बाहेरच्या बाजूला बसले. "मोरवा. ब्रिज के ऊपर से लो."

रिक्षा निघाली. रस्त्यात खड्डा आला की बॅटरी डुलायची आणि मनोरमा तिला गुडघ्यांनी आवळायची. मोरपिशी काठाला काळं काहीतरी लागलंच. पंढरीनाथांचा फोन वाजला. रिक्षाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"घेतली का रे बॅटरी?" सदूचा आवाज आला. "माजी कंबर कालधरनं धरलीय ती आजून सुटत न्हाय बग. न्हायतर मीच आलो आसतो तुज्यासंगट. वयनी हायेत ना धराला?"

"आहे आहे," पंढरीनाथ म्हणाले. "तिला आणलंय ना. तू पाना काढून ठेव."

मनोरमेचे हात बॅटरीवर होते. 'तूही चल' या शब्दांचा अर्थ तिला आता लागला, आणि गंमत म्हणजे रडू आलं नाही. डोळे एकदम कोरडे झाले. समोर त्यांच्या सोसायटीचं गेट येत होतं.

"भैया, गेट के पास रोको," ती म्हणाली.

रिक्षा कडेला थांबली.

"इथे कशाला?" पंढरीनाथांनी विचारलं.

"उतरते मी."

"अगं, मोरव्याला जायचंय. बॅटरी बसवताना बघायची नाही तुला?"

"नको."

ती उठू लागली. गुडघ्यांची पकड सुटली तशी बॅटरी बाहेरच्या बाजूला कलली. पंढरीनाथांनी हातातले कागद टाकून घाईघाईने तिला मिठी मारावी तशी धरली. काय झालं, का उतरतेस, बरं वाटत नाही का, यातलं काही ते विचारतील असं मनोरमेला अगदी शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं. तेही तिचं चुकलंच.

"मग ही धरायची कोणी?" ते म्हणाले.

मनोरमा दुसऱ्या बाजूने खाली उतरली होती. तिने वाकून सीटवरचा पाण्याचा कॅन ओढून घेतला. पंढरीनाथांचे दोन्ही हात गुंतलेले होते, ते नुसते बघत राहिले.

"तुम्ही दोघं आहात की," ती म्हणाली.

रिक्षावाला आरशातून एकदा मागे बघून पुढे निघाला. मनोरमा गेटपाशी उभी राहिली. कॅन बराच जड होता, तो तिने या हातातून त्या हातात घेतला. वॉचमनने खुर्चीतून उठून 'मैं लेके आता हूँ' म्हटलं, त्याला तिने नको म्हणून सांगितलं. मग कॅन पायाशी ठेवून पर्समधून फोन काढला आणि मंदाताईला लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"मंदाताई," ती म्हणाली, "ती तुझी बॅटरी चालू आहे ना गं?"

"हाय तर. उशाखालीच हाय. का गो?"

"काही नाही. येते मी."